एकुलता

पडद्यावरच्या माणसाने स्वतःचा चष्मा काढला, टबात बसलेल्या म्हाताऱ्याच्या नाकावर ठेवला आणि म्हणाला, "झालं. आता मला काही दिसत नाही आणि तुम्हालाही दिसत नाही. आता आपण दोघं कुणीही असू शकतो." सगळं थिएटर हसलं. हसू मागच्या रांगांतून उठलं, फेलिशाच्या डोक्यावरून पुढे गेलं आणि ओसरता ओसरता त्याचं दुसरंच काहीतरी झालं. कुणीतरी नाक ओढलं, कुणीतरी पर्समध्ये रुमाल चाचपडू लागलं. फेलिशाचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. चष्मा जागेवर होता. टब त्यांचा नव्हता. त्यांचा फिकट हिरवा होता, एका कडेचा टवका उडालेला, आणि हा पांढराशुभ्र होता. म्हातारा बाबा नव्हते. वाक्य मात्र शब्दन्‌शब्द तिचं होतं. बाबांना झटका येऊन उजवी बाजू गेली, त्यानंतर हॉस्पिटलमधून घरी आणल्यावरची ती पहिली आंघोळ. आयुष्यभर धान्याच्या गिरणीत काम केलेला, घरातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावून बसणारा माणूस पोरीसमोर कपडे उतरवायला तयार नव्हता. डावा हात मांडीवर दाबून, भिंतीवरच्या फरश्यांकडे बघत तो नुसता बसून राहिला होता. पाणी गार होत चाललं होतं. मग तिला काय सुचलं कोण जाणे. चष्म्यांच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांच्या नाका-कानांवर चष्मे बसवून देणाऱ्या तिला स्वतःच्या चष्म्याशिवाय हाताची बोटंही दिसत नसत. तिने चष्मा काढून बाबांच्या नाकावर ठेवला आणि ते वाक्य म्हटलं. बाबांचं अर्धंच तोंड हसलं. दुखण्यानंतर पहिल्यांदा हसलं. हे तिने पुढच्या रविवारी फोनवर धाकट्या भावाला, टॅडला सांगितलं होतं, आणि टॅड एवढा हसला होता की त्याला फोन खाली ठेवावा लागला होता. पुन्हा उचलल्यावर तो म्हणाला होता, "लिशा, तू म्हणजे कमाल आहेस."

आता टॅडने काढलेल्या या सिनेमात टॅडचंच काम करणारा नट डोळे किलकिले करून म्हाताऱ्याची पाठ चोळत होता. छान चोळत होता. फेलिशा वाट बघत बसली. खरं तर सिनेमा सुरू झाल्यापासून ती वाटच बघत होती. स्वयंपाकघराचं दार उघडलं की तिला वाटे, आता. जिन्यावर पावलं वाजली की वाटे, आता येईन मी. आपलं काम कोण करत असेल, जाडी असेल का, तोंडाळ दाखवली असेल का, लग्न न झाल्याबद्दल काही विनोद असेल का, याचा विचार तिने आठवडाभर केला होता. चष्म्याच्या काड्या वाकवता वाकवता, आईच्या गोळ्या काढता काढता केला होता. आरशापुढे उभं राहून ती स्वतःच्या थट्टेवर हसायचा सरावही करून आली होती. लोक वळून बघतील तेव्हा तोंड कसं ठेवायचं, एवढ्यापर्यंत. केस सेट करून घेतले होते. सगळ्याची तयारी करून ती आली होती, आणि आता आंघोळ संपली, म्हाताऱ्याला टॉवेलात गुंडाळून झालं, शेजारच्या खोलीत म्हातारी आई रेडिओवरची प्रार्थना ऐकत बसली होती, आणि घरात चौथं कुणी नव्हतं. तिला ते हळूहळू कळलं. थंडीत पाय बधिर झालेले कळतात तसं, आधी बोटं, मग टाचा. भिंतीवरच्या फोटोत तिघं होती. जेवणाच्या टेबलाशी खुर्च्या तीन होत्या. "तू आमचा एकुलता एक," म्हातारा मुलाला म्हणाला, "आणि तोही असला निघालास," आणि लोक पुन्हा हसले.

आईची व्हीलचेअर रांगेच्या टोकाला लावायची म्हणून त्या दोघींना कडेची जागा दिली होती. आई पुढे झुकून बघत होती. शहाऐंशी वर्षांची, केसांना निळसर झाक असलेली, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेली. तिला सकाळचं दुपारी आठवत नसे, पण सिनेमातलं हसायचं कुठे ते तिला बरोबर समजत होतं. तिने फेलिशाचं मनगट धरलं आणि कुजबुजली, "आपला टॅड ना हा?" फेलिशाने तिला हळूच सांगितलं की हा टॅडचं काम करणारा नट आहे, टॅड पुढच्या रांगेत बसलाय. आई म्हणाली, "टॅडच आहे. केस बघ की." मग बराच वेळ तिने मनगट सोडलं नाही. फेलिशाला त्या हाताचं वजन जाणवत राहिलं. घरीही रोज हाच हात, खुर्चीतून उठताना, टबात पाय टाकताना, असाच मनगटावर यायचा. पडद्यावर ईस्टरचं जेवण सुरू झालं होतं. टेबलावर लोण्याचं कोकरू होतं, डोळ्यांच्या जागी मिऱ्याचे दाणे, गळ्यात लाल फीत. त्याचं डोकं कापायला कुणी तयार नव्हतं. हे कधीचं? ती नऊ वर्षांची असेल, टॅड पाचाचा. तिने रडून रडून कोकराला फक्त शेपटीकडून खाऊ दिलं होतं आणि उरलेलं डोकं बर्फाच्या कप्प्यात ठेवायला लावलं होतं, बाबा वर्षभर बर्फ काढताना त्या डोक्याला "काय पाहुणे, कसं काय?" म्हणत. पडद्यावर ते रडणारं मूल मुलगा होतं. फेलिशाला वाटलं, उठून बाहेर जावं. पण उठलं तर आईला उठवावं लागलं असतं, ब्रेक काढा, कोट घाला, सगळ्यांना पाय आवरायला सांगा. एवढं सगळं कोण करणार. ती बसून राहिली. आणि सर्वांत त्रासाची गोष्ट ही की सिनेमा चांगला होता. टॅडला माणसं बोलतात कशी ते कळत होतं. शेवटी दफनभूमीत मुलगा एकटाच उभा राहतो, बर्फ भुरभुरत असतं, बुटात पाणी गेलेलं असतं आणि त्याला नेमकं त्याच वेळी हसू येतं, तिथे फेलिशालाही रडू आलं. ती बाबांसाठी रडली. त्या एकट्या मुलासाठीही रडली, हे तिला नंतर, दिवे लागल्यावर कळलं, आणि स्वतःचाच राग आला. दिवे लागले तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. तीही उभी राहिली.

बाहेरच्या हॉलमध्ये कागदी कपांत वाइन होती आणि चीजचे चौकोनी तुकडे होते. अर्धी वस्ती आली होती. बफेलो शहराचा मुलगा, आपल्या गल्लीतला, कॅलिफोर्नियात जाऊन नाव काढून आला, म्हणून चर्चमधल्या बायका ठेवणीतले कोट घालून आल्या होत्या. समोरच्या घरातल्या मिसेस झेम्बा आईचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या की असा मुलगा मिळायला पुण्याई लागते. मिसेस झेम्बांनी वर्षानुवर्षं खिडकीतून फेलिशाला बाबांची खुर्ची उतारावरून उतरवताना पाहिलं होतं. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्या खोटं बोलत नव्हत्या, सिनेमा नुकताच संपला होता एवढंच. चांगली दाढी कोरलेला एक तरुण माणूस, बहुधा सिनेमाच्याच मंडळींपैकी, फेलिशाशी अदबीने बोलायला आला आणि तिने विचारलं नसताना म्हणाला की कुटुंबाबद्दलची इतकी प्रामाणिक गोष्ट त्याने कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. मग त्याने ती कोण ते विचारलं. "मी आईला घेऊन आलेय," ती म्हणाली. तो "ओह, छान" म्हणाला आणि नर्सबाईंशी बोलतात तसं, जरा जास्तच आदराने हसला.

कोट टांगायच्या जागेपाशी टॅडने तिला गाठलं. तो म्हातारा दिसायला लागला होता. दात पांढरे केले होते आणि त्यामुळे चेहऱ्याचा बाकीचा भाग अधिकच थकलेला वाटत होता. कॅलिफोर्नियातल्या माणसासारखा पातळ कोट घालून आला होता. मार्चमध्ये इथे काय वारा असतो हे तो विसरला होता, की विसरल्याचं दाखवत होता. आधी तो आईबद्दल बोलला, मग बर्फाबद्दल बोलला, मग कोटांच्या हँगरशी नुसता चाळा करत राहिला. फेलिशाने त्याला मदत केली नाही. एरवी तिने केली असती. लहानपणापासून तो अडखळला की पुढचा शब्द तीच पुरवत आली होती.

"तू होतीस त्यात," टॅड म्हणाला. "आधीच्या सगळ्या खर्ड्यांत होतीस. खूप होतीस."

"मग?"

"मग मी हरामखोर ठरत होतो, लिशा. काहीही केलं तरी. तू दारातून आत आलीस की वाचणारा विचारायचा, बहीण हे सगळं करतेय तर हा कुठे आहे? पुढे कुणी हसेचना. मी मला चांगला करून पाहिला, तुला वाईट करून पाहिली, तेही जमलं नाही. तुला काढली आणि सगळं जागेवर बसलं. सगळे विनोद तुझेच आहेत. एकही बदलला नाही मी."

हे तो कौतुकाने सांगत होता. तिच्या लक्षात आलं की तो खरं बोलतोय, कदाचित बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच इतकं खरं बोलतोय, आणि तिला त्याचा उपयोग काहीच नाही. भांडायला हवं होतं. शब्दही कुठेतरी होते. पण भांडण म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं उपसायचं: तो एकोणिसाव्या वर्षी गेला तो हिवाळा, बाबांच्या झटक्यानंतर चार दिवस येऊन खोलीच्या दारातच उभा राहिलेला तो, विमानतळावर तिला मिठी मारताना मनगटावरचं घड्याळ बघणारा तो. आणि ते उपसून झाल्यावरही संध्याकाळी आईला आंघोळ घालायची होतीच. "आईला बाथरूमला न्यायला हवं," ती म्हणाली. टॅडने ओशाळून तिच्या दंडाला हात लावला आणि मग कुणीतरी त्याला फोटोसाठी हाक मारली.

घरी जाताना तळ्याकडून वारा होता आणि त्याबरोबर गिरणीतल्या भाजलेल्या ओटचा वास गाडीत शिरला. बाबांच्या कपड्यांना हाच वास असायचा. बाहेरची माणसं त्याला खमंग म्हणतात. फेलिशाने बाबांचं ते अर्धं हसू आठवून पाहिलं. डोळ्यांसमोर सिनेमात बाबांचं काम केलेला नट आला. नटाने दोन्ही बाजूंनी नीट सराव केलेलं, सुंदर, वाकडं हसू हसून दाखवलं. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तोच. घरी पोचल्यावर, आईला झुलत्या खुर्चीत बसवून, तिने भिंतीवरचे फोटो पाहिले. एकाही फोटोत बाबा हसत नव्हते. दात वाईट होते म्हणून कॅमेरा समोर आला की ते ओठ मिटून घेत. म्हणजे ते हसू जगात एकाच जागी शिल्लक होतं, तिच्यापाशी, आणि ती जागा आता दुसऱ्याने व्यापली होती. कॅरेक्टर म्हणून आपल्याला काढलं याचं तिला तेवढं वाटलं नाही. हे मात्र लागलं. दुकानात पुढचे कित्येक दिवस म्हातारी गिऱ्हाइकं आली की ती कानामागे काडी बसवता बसवता त्यांची तोंडं बघत राही, कुणाचं तरी एक बाजूने उघडेल म्हणून.

टॅड परत गेला. रविवारी ठरल्या वेळी त्याचा फोन आला. हे रविवारचे फोन म्हणजे वर्षानुवर्षांची रीत होती. तो विचारायचा, काय म्हणतेय मंडळी, आणि ती आठवडाभरातलं एकेक काढायची. आईने फादरना मिठाऐवजी साखरेचं सूप कसं वाढलं, बाबांनी डाव्या हाताने पत्ते पिसायची कशी शर्यत लावली. तो हसायचा. ती सांगताना ते सगळं तिलाही हलकं वाटायचं. खरं म्हणजे आठवड्यात काही वाईट घडत असलं की घडतानाच ती मनात ते रविवारसाठी जुळवायला लागे, कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, आणि तेवढ्यावर तो दिवस निभायचा. या रविवारी तो म्हणाला, "काय म्हणतेय आई?" ती म्हणाली, बरी आहे. "काही गंमतजंमत?" त्याने विचारलं. ती म्हणाली, नाही, विशेष काही नाही. मग दोघंही हवेबद्दल बोलले. फोन ठेवल्यावर घर फार शांत वाटलं. आठवड्यात आईने स्वतःची कवळी समजून मेणाचं फळ धुवून ठेवलं होतं, ते तसंच तिच्यापाशी राहिलं, आणि राहिल्यावर ते गमतीचं वाटेना, नुसतं दमवणारं वाटलं. ते तिला अपेक्षित नव्हतं.

आणि आईचं वेगळंच सुरू झालं होतं. बाकीचं सगळं तिच्या हातून निसटत चाललं होतं, वार, महिने, मेलेल्या बहिणी, पण सिनेमा तेवढा पक्का राहिला. फादर कम्युनियनचा प्रसाद घेऊन घरी आले तेव्हा तिने त्यांना सांगितलं की तिच्या टॅडने बापाला आंघोळी घातल्या, चष्मा काढून घातल्या, देव त्याचं भलं करो. पायांचे व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीलाही तेच सांगितलं. सांगताना ती तरतरीत दिसे, गाल गुलाबी होत. पहिल्यांदा फेलिशाने दुरुस्त केलं. ती समजावणीच्या सुरात म्हणाली की आई, तो सिनेमा होता. टॅड कॅलिफोर्नियात होता, बाबांना मी आंघोळ घालत होते. आई तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर एकेक दिवा विझत गेल्यासारखं झालं. "मग टॅड कुठे होता?" तिने विचारलं. आणि पुन्हा, "टॅड का नव्हता?" मग ती रडायला लागली, लहान मूल रडतं तसं, तोंड उघडं टाकून, आणि संध्याकाळपर्यंत शांत झाली नाही. फेलिशाला टॅडचं कोटांजवळचं बोलणं आठवलं. तू दारातून आत आलीस की लोक विचारायचे, हा कुठे आहे. तिने त्यानंतर दुरुस्त करणं सोडून दिलं. आई सांगायची, ती शेजारी उभी राहून पाहुण्यांचे कोट धरायची.

वसंत उशिरा आला. रस्त्याच्या कडेचे काळे पडलेले बर्फाचे ढीग वितळून त्यांतून मागच्या वर्षीचे हातमोजे आणि बाटल्या बाहेर पडल्या. अशाच एका दुपारी, चांगलं ऊन होतं म्हणून, फेलिशाने आईचे केस धुतले आणि तिला खिडकीपाशी बसवून टॉवेलने पुसू लागली. ओल्या केसांतून डोक्याची गुलाबी कातडी दिसत होती. आई मान खाली घालून, डोळे मिटून, स्वतःला त्या हातांवर सोपवून बसली होती. मग आई परक्या माणसाशी बोलतात तशा सभ्य आवाजात म्हणाली, "तुझा हात हलका आहे हं."

फेलिशा पुसत राहिली.

"तुझी आई आहे?" आईने विचारलं.

फेलिशाचे हात क्षणभर थांबले. हा दिवस येणार असं डॉक्टर म्हणाले होते. तिने त्याचीही तयारी केली होती आणि त्या तयारीचाही काही उपयोग झाला नाही. "आहे," ती म्हणाली.

"म्हातारी असेल."

"आहे म्हातारी."

"मग तिचं कोण करतं?"

खरं सांगावं तर पुन्हा रडणं होतं, आणि उन्हाची दुपार होती, केस अजून ओले होते. "तिला एक मुलगा आहे," फेलिशा म्हणाली. "एकुलता एक. तोच करतो सगळं."

आईने डोळे उघडले. टॉवेल बाजूला सारून तिने मान वळवली आणि फेलिशाकडे पाहिलं, भाजीबाजारात कुणी शिळा कोबी ताजा म्हणून गळ्यात मारायला निघालं की ती पूर्वी पाहायची तसं.

"काहीतरीच सांगतेस," ती म्हणाली. "मुलगे कुठले करतात. घरात एखादी मुलगी असणार. नीट बघ जा."

आणि पुन्हा मान खाली घालून, पुसायचं राहिलेलं डोकं तिने पुढे केलं. फेलिशा टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिला हसू यायला लागलं. आधी नाकातून, मग आवरेना तसं मोठ्याने, शेवटी तिला खिडकीच्या कठड्यावर बसावं लागलं. तिला हसताना बघून आईही हसू लागली, कशाला ते न कळता, कवळी सैल होईपर्यंत. त्या रविवारी फोन वाजला तेव्हा फेलिशा आईची नखं कापत होती. तिने तो वाजू दिला, हातातलं बोट पुरं केलं आणि पुढचं धरलं.